विसंगती ग्रंथात, निवड माणसाची

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सृष्टीच्या उत्पत्तीची दोन वर्णने आहेत. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग पशुपक्षी आणि अखेरीस स्त्री व पुरुष एकदम निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग झाडे व प्राणी आणि सर्वांत शेवटी स्त्री. योसेफाच्या पित्याचे नाव मत्तय एक सांगतो, लूक दुसरेच. यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला असे मत्तय म्हणतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात मात्र तो खाली पडून पोट फुटल्याने मरतो. जो ग्रंथ सर्वज्ञ ईश्वराचा शब्द म्हणून पुढे ठेवला जातो, त्यात अशी गफलत कशी, असा प्रश्न बुद्धिवादी विचारतात आणि तो रास्तच आहे.

परंतु अशा विसंगतींची यादी वाचून दाखवली की ईश्वरावरील श्रद्धा आपोआप गळून पडेल, ही समजूत भाबडी आहे. टीकाकारांनी त्याची टाळकरींना दिलेली उत्तरे शतकानुशतके तयार आहेत: एक वंशावळ पित्याकडची, दुसरी मातेकडची, एक अर्थ शब्दाचा, दुसरा रूपकाचा. महाराष्ट्राला तर या वादाचा जुना अनुभव आहे. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात धर्मविषयक वाद झडला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. मिशनऱ्यांनी पुराणांतील विसंगतींवर बोट ठेवले, शास्त्र्यांनी बायबलातील विसंगतींवर. दोघांचीही बुद्धी तल्लख होती. फक्त ती दुसऱ्याच्या ग्रंथापुरती तल्लख होती. जी कसोटी परक्या ग्रंथाला लावली, तीच स्वतःच्या ग्रंथाला लावण्याचे धैर्य त्या व्यासपीठांवर दिसले नाही. तर्क हे तेथे सत्यशोधनाचे साधन राहिले नाही. ते तटबंदीवरून डागायची तोफ झाले.

विसंगतीचा खरा प्रश्न वंशावळीचा नाहीच. तो माणसाच्या जगण्याचा आहे. 'निर्गम' या पुस्तकात गुलाम बाळगण्याचे नियम आहेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना धन्याच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र दास आणि स्वतंत्र हा भेदच उरला नसल्याची घोषणा आहे. अमेरिकेत गुलामांचे मालक बायबल हाती घेऊन बोलत आणि गुलामीचे विरोधकही. १८६५ साली तेथे गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा बायबलातील एक ओळही बदललेली नव्हती. मग बदलले काय? कोणती ओळ मानायची आणि कोणती बाजूला ठेवायची, याचा माणसांनी केलेला निर्णय बदलला. आणि तो निर्णय अमलात येण्यासाठी रक्त सांडावे लागले.

हाच प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या मातीत अधिक स्पष्टपणे दिसतो. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या दिवशी कोणत्याही स्मृतीतील एकही श्लोक खोडला गेला नाही. मंदिर चालविणाऱ्यांचा निर्णय तेवढा बदलला. पुढे पवनारच्या विनोबांनी 'कुराण-सार', 'ख्रिस्तधर्म-सार' असे संग्रह सिद्ध केले, मनुस्मृतीतील निवडक वचनांचे 'मनुशासनम्'ही केले. विनोबांचा व्यासंग आणि त्यांची निर्वैर दृष्टी यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सार काढणाऱ्याला असार काय, हे आधी ठाऊक असावे लागते. हे ज्ञान त्या ग्रंथातून येत नाही, कारण ग्रंथ सार आणि असार दोन्ही एकाच अधिकाराने सांगत असतो. ते ग्रंथाबाहेरून येते. वाचणाऱ्याच्या विवेकातून येते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळली गेली आणि पवनारला तिच्यातून वेचे काढले गेले. दोन्ही कृतींत अंतर मोठे आहे, पण एक गोष्ट समान आहे: संपूर्ण मनुस्मृती शिरोधार्य मानण्यास दोघांनीही नकार दिला. एकाने तो उघड दिला, दुसऱ्याने आदराने.

या आदरात जो धोका आहे, तो डॉ. आंबेडकरांनी अचूक ओळखला. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' हे त्यांचे न झालेले भाषण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सेगावात राहावयास आलेल्या गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याला उत्तर दिले. बुद्धीला न पटणारे वचन ईश्वराचे असू शकत नाही, शास्त्रांत पुष्कळ प्रक्षिप्त भाग आहे, अशी गांधीजींची भूमिका होती. आंबेडकरांचा प्रतिप्रश्न साधा होता: मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते, हे सामान्य माणूस जाणतो काय? त्याला शास्त्र म्हणून जे सांगितले गेले, तेच तो पाळतो. संताने केलेली निवड संताजवळ राहते. गावात मात्र अख्ख्या शास्त्राचा अधिकार चालतो आणि त्या अधिकाराने विहीर बंद होते. या प्रश्नाला आश्रमाकडे पुरेसे उत्तर नव्हते.

परंतु आश्रमाची कहाणी तेथे संपत नाही. १९४४ च्या अखेरीस गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, सेवाग्रामला आले. आंध्रच्या खेड्यांत अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारा हा निरीश्वरवादी आपली निरीश्वरता दाराबाहेर ठेवून आला नव्हता. ईश्वरावर भार टाकण्याची सवय माणसाला स्वतःच्या जबाबदारीपासून दूर नेते, हे त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले. गांधीजींनी त्यांना ग्रंथातली वचने ऐकवली नाहीत. आपली आस्तिकता बरोबर आणि गोरांची नास्तिकता चूक, असे म्हणता येणार नाही, ही कबुली त्यांनी दिली. गोरांच्या कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी सेवाग्राममध्ये व्हावा, हे त्यांनी मान्य केले आणि वधूपक्षाच्या विचारांचा मान राखून विधीतील 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'सत्य' हा शब्द घेण्यास संमती दिली. मार्च १९४८ मध्ये तो विवाह आश्रमात पार पडला. तो पाहावयास गांधीजी हयात नव्हते. एका शब्दाच्या बदलाने आभाळ कोसळले नाही. जात मात्र तेवढ्यापुरती मोडली.

ईश्वराचा प्रश्न काढला तर श्रद्धाळू बहुजन समाज दुरावेल, म्हणून त्याविषयी मौन पाळावे, असे चळवळीतील काही शहाणे सांगतात, त्यांनी सेवाग्रामचा हा प्रसंग आठवावा. गोरांनी मौन पाळले नाही, म्हणूनच तो संवाद घडला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीनेही ईश्वर मानणाऱ्याला कधी दार बंद केले नाही आणि प्रश्न विचारण्याचा हक्कही सोडला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, ती या हक्काचीच किंमत होती. दुसरीकडे, फक्त परधर्माच्या ग्रंथातील विसंगती दाखवून त्या धर्माच्या माणसांविषयी द्वेष पेरणारे लोक स्वतःस चिकित्सक म्हणवून घेतात. त्यांच्याशी बुद्धिवादाचा काडीचाही संबंध नाही. जी चिकित्सा स्वतःच्या घरापासून सुरू होत नाही, ती चिकित्सा नव्हे.

ग्रंथातील विसंगती ईश्वर नाही हे सिद्ध करीत नाहीत. त्या एवढेच सिद्ध करतात की ग्रंथाच्या नावाने जो बोलतो तो माणूसच असतो, आणि त्याने काही वचने निवडलेली व काही दडवलेली असतात. समाजवादी कार्यकर्त्याला एवढे पुरे आहे. 'शास्त्रात लिहिले आहे' असे कोणी म्हणताच त्याने तीन प्रश्न विचारावेत: हेच वचन का घेतले? याच्या विरुद्ध असलेले का सोडले? आणि या निवडीत लाभ कोणाचा झाला? ज्या निवडीने विहीर खुली होते तिचे श्रेय माणसाचे, आणि ज्या निवडीने ती बंद होते तिचा दोषही माणसाचाच. हा दोष ईश्वराच्या खात्यावर टाकू न देणे, हे चळवळीचे काम आहे.