आज नाही

गेल्या वर्षी या सदरात आजीच्या हातच्या सांदणांबद्दल लिहिलं, तेव्हा मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, "सगळं आजीचंच लिहितेस. आजोबा काय करायचे गं?" प्रश्न रास्त होता. अडचण एवढीच, की आजोबांचे सांगण्यासारखे किस्से नाहीत. ते कमी बोलायचे आणि रोज तेच तेच काम करायचे.

आजोबा पोस्टमन होते. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव आणि भोवतालच्या वाड्या, एवढ्या टापूत त्यांनी चाळीस वर्षं टपाल वाटलं. पोस्टातली नोकरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर सरकारी पेन्शन येतं. आजोबा 'ई.डी.' होते, म्हणजे खात्याबाहेरचे. त्यांना पगार नव्हे, भत्ता मिळायचा आणि पेन्शनचं नावच नव्हतं. अशांना आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात. घर चालायचं ते थोडी भातशेती आणि आजीची काटकसर यांवर.

एस.टी.तून टपालाची थैली यायची. पोस्ट म्हणजे एका मास्तरांच्या घराची पडवी. तिथे लाखेचं सील फोडायचं, कार्डांवर तारखेचा शिक्का मारायचा, वाडीनुसार गठ्ठे लावायचे आणि खाकी पिशवी खांद्याला अडकवून निघायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिल्या दोन वाड्यांपर्यंत त्यांच्याबरोबर जायची. पुढे घाटी लागायची, तिथून ते मला परत पाठवायचे. पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी चढलं की साकवावरून जाताना पिशवी डोक्यावर घ्यायचे, असं आजी सांगायची. स्वतः ते याबद्दल कधी बोलले नाहीत.

कोकणातलं टपाल म्हणजे मुख्यतः मनीऑर्डर. घरटी एक तरी माणूस लालबाग-परळला गिरणीत. तिथून महिन्याला पैसे यायचे आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी असायच्या: पैसे पोचल्याचं कळव, आईचं औषध चुकवू नको. घेणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना वाचता येत नसे. आजोबा कुपन वाचून दाखवायचे, नोटा दोनदा मोजून हातात द्यायचे, साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचे. अंगठ्याची ती पोच परत मुंबईला जायची. आठ बाय दहाच्या खोलीत बाराजणांत राहणाऱ्या माणसाला आपल्या आईच्या अंगठ्याचा ठसा बघायला मिळायचा. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कोण किती पाठवतो, कुणाचे पैसे कमी झाले, कोण पाठवायचाच थांबला, हे सगळं एका माणसाला ठाऊक. घरी येऊन त्यातलं अवाक्षर नाही. आजी वैतागून म्हणायची, "पाणवठ्यावर सगळ्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. मला मेलीला काही म्हणजे काही माहीत नसतं!"

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबईतल्या त्या दिवसांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. आमच्याकडे संप आला तो मनीऑर्डरींच्या रूपाने, म्हणजे त्या न येण्याच्या रूपाने. पहिले एक-दोन महिने शिल्लक होती तोवर थोडे थोडे पैसे येत राहिले, मग पिशवी हलकी झाली. बायका दुपारी पाणंदीत येऊन उभ्या राहायच्या. "भाऊ, हाय काय?" आजोबा थांबायचे आणि म्हणायचे, "आज नाही."

बाबा तेव्हा कॉलेजात होते. ज्या घरांचं काही नाही ती टाळून ओढ्याकाठच्या वाटेने जाता आलं असतं, जवळही पडलं असतं. बाबांनी तसं सुचवलं. आजोबा म्हणाले, "त्या वाट बघतात ना. मग नाही म्हणून सांगायला नको?" पाऊस आला, गणपती आले, चाकरमानी आले ते रिकाम्या हातांनी, काही तर परत गेलेच नाहीत. आजोबांची वाट बदलली नाही.

त्याच काळात एका बाईला नवऱ्याचं पत्र आलं. मी आता येणार नाही, इथेच दुसरं घर केलंय, असं. आजोबांनी ते ओटीवर बसून जसंच्या तसं वाचून दाखवलं. ही गोष्ट आजीला गावातून कळली आणि ती पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवून बोलली. "थोडं मऊ करून सांगता आलं नसतं? दोन ओळी गाळता आल्या नसत्या?" आजोबा जेवत होते. म्हणाले, "लिहिणारा मी नव्हे. मी वाचणारा." आणि ताक मागितलं.

मला हे वागणं बरीच वर्षं कोरडं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण आजोबा गेले तेव्हा तीच बाई भेटायला आली होती, लेकाच्या आधाराने, चांगली म्हातारी झालेली. आजीजवळ बसून ती म्हणाली, "भाऊंनी ती चिठ्ठी वाचली म्हणून पुढं लेकाची पत्रं वाचली ती मला खरी वाटली. तो बरा हाय म्हणाले, तर मी बरा हायच धरून चालले."

इथे मस्कतमध्ये पैसे आता फोनवरून जातात आणि पोचल्याचा मेसेज मिनिटात येतो. खुशाली मात्र आपण सगळेच गाळून पाठवतो. तिकडचे आपल्याला आणि आपण तिकडच्यांना. "सगळं मजेत" हे वाक्य ज्या घरातून आलं नाही असं घर या अंकाच्या वाचकांत सापडायचं नाही.

यंदा मार्चमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मला आठव्या दिवशी कळलं. मधल्या आठवड्यात आमचं दोनदा बोलणं झालं होतं, आंब्याच्या मोहराबद्दल. का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाले, "तू तिथून काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर." मी रागावले नाही. फक्त म्हटलं, "बाबा, आजोबांनी ती बातमी गाळली असती?"

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं, फोन कट झाला.

तेव्हापासून तपासणी झाली की बाबा रविवारी चष्मा लावून रिपोर्ट हातात घेऊन बसतात. वरपासून खालपर्यंत, लॅबच्या पत्त्यासकट वाचतात. मध्ये आई म्हणते, "अहो, तेवढं कशाला?" ते थांबत नाहीत. गेल्या वेळी क्रिएटिनिन १.४ आलं होतं. तो आकडा त्यांनी दोनदा वाचला.