लडाख नंतर, आधी मोठागाव!

जत्रेला तीन प्रकारची माणसं जातात म्हणे. हौशे, नवशे आणि गवशे. फोटोग्राफीची जत्राही काही वेगळी नाही. नवशे म्हणजे ज्यांनी हप्त्यावर कॅमेरा घेतलाय आणि 'पँगाँगला जाईन तेव्हाच दुसरी लेन्स बॅगेबाहेर काढीन' असा नवस बोललाय. (रजा मंजूर होत नाही, लेन्स बॅगेतच!) गवशे म्हणजे सगळे जातात तिथेच जाऊन, सगळे काढतात तोच फोटो काढून, काही लाइक्स गावतात का ते बघणारे. आणि हौशे? ते रविवारी पहाटे, अख्खी सोसायटी घोरत असताना, चप्पल हातात धरून दाराची कडी काढतात. आतून झोपाळलेला आवाज येतो, "आज कुठे?" उत्तर ठरलेलं, "इथेच. खाडीवर."

आजचा कॉलम या पहाटे उठणाऱ्या जमातीसाठी. आणि ज्यांना तिच्यात सामील व्हायचंय, पण अजून लडाखच्या तिकिटाची वाट बघतायत, त्यांच्यासाठी तर नक्कीच!

आधी एक गोष्ट कबूल करू. भटकंती आणि लँडस्केपचं वेड असलेल्या माणसाला कल्याण-डोंबिवलीइतका सोयीचा पत्ता शोधूनही सापडायचा नाही. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. कसाऱ्याला उतरून पुढे गेलात की भंडारदरा, घाटघर आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. कर्जतच्या वाटेवर नेरळ, तिथून माथेरान. या दोन फाट्यांच्या मधल्या मुलखातून मुरबाडचा रस्ता निघतो, तो थेट माळशेजला. त्याच रस्त्यावर नाणेघाट. कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच घाटाने जुन्नरकडे चढायचा. म्हणजे आपण स्टेशनवर उभं राहून 'कुठे जाऊ या?' म्हणतो ना, ते कल्याणकर दोन हजार वर्षं म्हणत आलेत!

पण आपण करतो काय? पावसाळ्यात एक रविवार माळशेज. तीन तास ट्रॅफिक, एक प्लेट भजी, एक धबधबा, धबधब्यासमोर हात पसरून उभा असलेला मित्र. झालं, वर्षाचा कोटा संपला.

लँडस्केपची गंमत अशी की त्यात जागा हा फक्त एक मसाला असतो. बाकी उजेड, हवा आणि वेळ. जागा तिकीट काढून मिळते. उरलेल्या तीन गोष्टींसाठी वाट बघावी लागते आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं. लडाखला गेलेल्या माणसाला त्या दिवशी जो उजेड असेल तो निमूट घ्यावा लागतो. घराजवळच्या खाडीवर मात्र तुम्ही वर्षातून चाळीस वेळा जाऊ शकता. शहाण्या हौशाचं भांडवल हेच. त्याच्याकडे महागडी लेन्स नसते, पण रिक्षाने दहा मिनिटांवर क्षितिज असतं.

सूर्य हलतो, पाणीही हलतं

डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर जा. समोर उल्हास खाडी, पलीकडे भिवंडीची बाजू, मध्ये आता माणकोलीकडे जाणारा नवा पूल. सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेत शिकवलेलं वाक्य इथे वर्षातून फक्त दोनच दिवस तंतोतंत खरं ठरतं. आपल्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उजवीकडे मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच डावीकडे. म्हणजे वर्षभरात त्याची क्षितिजावर जवळपास ५० अंशांची येरझार चालू असते. आज जो पुलाच्या खांबामागे बुडतोय, तो दोन महिन्यांनी कुठल्यातरी भलत्याच टॉवरच्या गच्चीवर टेकलेला दिसेल. तोच फोटो दोनदा मिळणं अशक्य!

आणि पाणी? त्यासाठी अॅप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताला ओहोटी. हा झाला किनाऱ्याचा हिशेब, खाडीत इतकं आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. आता तुम्हीच ठरवा. भरलेल्या पाण्यात केशरी आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल तर अष्टमीच्या आसपासचा वीकेंड. चिखलावरच्या नक्षीदार ओघळी आणि बगळे हवे असतील तर पौर्णिमा. एकदा हे गणित जमलं की कॅलेंडर बघायची नजरच बदलते. लोक त्यात चतुर्थी शोधतात, तुम्ही भरती शोधता.

हवेचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे धुरकं इतकं की डोंगर असून नसल्यासारखे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही उंच गच्चीवर चढा आणि आग्नेयेला बघा. मलंगगडाचे सुळके ब्लेडने कापल्यासारखे स्वच्छ उभे असतात. वर्षात अशा सकाळी मोजक्याच. मग त्या दिवशी ऑफिसला 'ट्रेन लेट' म्हणून सांगायचं. मध्य रेल्वेवर अविश्वास कोण दाखवणार?

उजेडात न पाहिलेलं गाव

पण मला या छंदाचं खरं मोल दुसरीकडेच वाटतं. आपण सगळे अंधारात घर सोडणारी आणि अंधारात परतणारी माणसं. सोमवार ते शुक्रवार आपलं गाव म्हणजे प्लॅटफॉर्म, जिना, रिक्षाची रांग आणि सोसायटीचं गेट. दहा-दहा वर्षं डोंबिवलीत राहून खाडी न पाहिलेली माणसं आहेत. ठाण्यात राहून येऊरच्या जंगलात पाऊल न टाकलेलेही आहेत, आणि हे जंगल म्हणजे चक्क संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग! हातात कॅमेरा आला की पहिली गोष्ट ही घडते की माणूस आपलं गाव उजेडात बघतो. कुठून ऊन येतं, कुठल्या झाडावर कोण बसतं, कुठल्या तळ्यावर सकाळी वाफ धरते... पत्ता होता, आता गाव होतं.

लोकलच्या खिडकीचंच घ्या. ठाण्याच्या पुढे फास्ट लोकलवाल्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं पारसिकचा बोगदा यायचा. १९१६ पासूनचा अंधार! फेब्रुवारी २०२२ पासून फास्ट लोकलही मुंब्र्याच्या बाजूने जायला लागल्या. एका हाताला डोंगर, एका हाताला खाडी. रोजच्या प्रवासात फुकट मिळालेलं हे लँडस्केप किती जणांनी मोबाइलमधून मान वर करून पाहिलं? (पाहायचं ते खिडकीतून. दारात लटकून फोटो अजिबात नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर काय झालं ते आपण कुणीच विसरलेलो नाही.)

हौशांनीच ठेवलंय सगळं

'आमच्या हौशी फोटोंना विचारतो कोण?' असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून निघालेली रेल्वे कल्याणला पोहोचली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. सदस्यांमध्ये धंदेवाईक कमी, हौशेच जास्त. त्यांत एक डॉक्टर नारायण दाजी. भाऊ दाजी लाड यांचे हे भाऊ. दिवसा पेशंट आणि उरलेल्या वेळात कॅमेरा. पुढे १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत एक फोटो अल्बम मासिक भागांतून निघाला. त्याचं नावच होतं 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'. नावातच हौशे!

आणि तेव्हाची हौस म्हणजे काय प्रकरण होतं! काचेला रसायन फासायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा, सुकायच्या आत काळोख्या तंबूत शिरून धुवायचा. डोंगरावर जायचं तर कॅमेऱ्याबरोबर काचा, बाटल्या, पाणी आणि तंबू. आपण सॅकमध्ये दुसरी लेन्स टाकताना कुरकुरतो.

त्याच काळातला, १८५५ चा एक फोटो आहे. ठाण्याजवळ खाडी ओलांडणारा रेल्वेचा लांबलचक पूल. तेव्हा तो नव्या इंजिनीअरिंगचा कौतुकाचा फोटो असेल. आज आपण त्यात पुलापेक्षा पुलाच्या आजूबाजूचं ठाणं शोधतो. इमारती नसलेलं, पाणी आणि डोंगराचं ठाणं. पोस्टकार्डवरच्या ताजमहालाची नोंद हजार जण ठेवतात. गावाशेजारच्या खाडीची नोंद कुणीतरी वाट वाकडी करून तिथे गेला तरच राहते.

आणि आपल्याकडे ही नोंद ठेवण्याची घाई आहे. २००१ च्या जनगणनेत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी १० लाखांवर गेली. दहा वर्षांत तीस लाख माणसं! ती राहणार कुठे? जिथे काल भातखाचरं होती तिथे. तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही, कारण आपलीही बिल्डिंग कुणाच्यातरी भातखाचरावरच उभी आहे. पण तिथे आधी काय होतं, पावसाळ्यात पाणी कुठून वाहायचं, खारफुटीची कड कुठपर्यंत होती, हे निदान चित्रात तरी राहायला हवं की नको?

हे नुसतं आठवणींचं प्रकरण नाही. खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये ती पक्की केली. फ्लेमिंगोंमुळे ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. कागद भक्कम आहे. पण 'इथे गेल्या वर्षी खारफुटी होती' असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? अशा वेळी एकाच जागेवरून, तारखेसकट काढलेले दोन साधे फोटो दहा अर्जांपेक्षा जास्त बोलतात. सूर्यास्ताच्या नादाने काढलेला तुमचा फोटो उद्या कुणाच्यातरी तक्रारीला वजन देऊ शकतो.

तर मग या वीकेंडला...

एकच जागा निवडा. घरापासून अर्ध्या तासातली. मोठागाव, कल्याणला दुर्गाडीखालची खाडी, गांधारीचा पूल, ठाण्यातलं उपवन, अंबरनाथच्या शिवमंदिरामागचं नदीपात्र... काहीही. मग वर्षभर महिन्यातून एकदा तिथेच जायचं आणि तिथूनच फोटो काढायचा. बारा फोटो. एकेकटा कदाचित साधाच वाटेल, बारा शेजारी लावलेत की डोळे विस्फारतील.

कॅमेरा नसेल तर फोन चालेल. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर सॅक ठेवा, सॅकवर फोन आणि दोन सेकंदांचा टायमर. रोलच्या जमान्यात ३६ फोटोंत अख्खी ट्रिप भागायची. तुम्ही सकाळभरात ३६ वरच थांबून बघा, डोळा आपोआप तयार होतो. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर लावा. मूळ फाइल जपा, दोन ठिकाणी. फोटोखाली जागेचं खरं नाव लिहा. 'गोल्डन व्हाइब्ज' असं लिहिलंत तर वीस वर्षांनी ती खाडी कोणती हे तुम्हालाही सांगता यायचं नाही.

खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका. येऊरला वनखात्याच्या वेळा आणि नियम पाळा. आणि फ्लेमिंगो उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांना उडवू नका. ते बिचारे जेवत असतात.

लडाख कुठे पळून जात नाही. मोठागावची आजची संध्याकाळ मात्र साडेसहा-सातच्या दरम्यान संपते. शनिवारी तिथी बघून निघा!