आधी चपला काढायला सांगा

आज १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत आज साखर तपासली जाईल, आणि ती तपासायलाच हवी. पण बोटाला सुई टोचून झाली की रुग्णाला चपला काढायला सांगा, हे आमचं कळकळीचं मागणं आहे.

साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की तळपाय बधिर होतात. लावणीच्या चिखलात काटा रुततो, चपलेचा खिळा टोचतो, तरी माणूस चालत राहतो. दुखत नाही म्हणून दाखवत नाही. बोट काळं पडल्यावर धावाधाव होते, तोवर अनेकदा पाय कापण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

उपकेंद्रातल्या सिस्टरना मलमपट्टी उत्तम येते. अडतं ते जखम कशामुळे झाली हे ओळखण्यात. घोट्याच्या आतल्या बाजूला पाझरणारी, भोवतीची कातडी काळपट झालेली जखम बहुधा अशुद्ध रक्ताच्या शिरांची. तिला दाबपट्टी मानवते. पाऊल गार, जखम बोटांच्या टोकाशी, रात्री ठणका आणि पाय खाली सोडला की आराम, ही शुद्ध रक्त पोहोचत नसल्याची लक्षणं. तिथे तीच दाबपट्टी घट्ट आवळली, तर उरलासुरला पुरवठाही तुटतो! तळव्यावरच्या घट्ट्याखालची, न दुखणारी जखम बधिरतेची. तिथे औषधाइतकंच त्या जागेवरचं वजन काढणं महत्त्वाचं. मधुमेहात बधिरता आणि रक्ताची टंचाई पुष्कळदा एकत्र येतात, मग ठणकाही कळत नाही. म्हणून पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी शोधता आली पाहिजे. ती पीपीटी बघून सापडत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून, हात धरून दाखवावं लागतं.

स्पर्श तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू पुरतो. बधिर पाय जपण्याची विद्याही आपल्याला नवी नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेदना हरवल्यावर पाऊल कसं झिजत जातं, हे जगाला दाखवलं. महाराष्ट्रात कुष्ठरोगाच्या कामात मुरलेले आरोग्य कर्मचारी आहेत. त्यांना सिस्टरच्या प्रशिक्षणात शिक्षक म्हणून बोलवायला हवं.

मधुमेही पायांची काळजी शिकवण्यासाठी भारत आणि टांझानियात राबवलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे अग्रभागी होते. त्यात डॉक्टर आणि परिचारिका जोडीनं शिकत आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा येत. एका दिवसाच्या कार्यशाळेवर आणि प्रमाणपत्रावर समाधान मानणाऱ्या आरोग्य खात्यानं हे जरूर उचलावं.

आणि शिकवल्यावर अधिकारही द्यावा. नाडी लागत नाही, लाली पसरते आहे, ताप आहे किंवा जखमेत हाड लागतं, असा पाय दिसला की सिस्टरनं त्याच दिवशी रुग्णाला थेट जिल्हा रुग्णालयात धाडावं आणि तिथे तिची चिठ्ठी ग्राह्य धरली जावी.