घरातल्या लाकडाची लेखणी

व्यापारी घरात पेनांना तोटा नसतो. कंपन्यांनी भेट दिलेली, लग्नसमारंभांत वाटलेली, प्रभावनेत मिळालेली पेने गल्ल्याच्या कोपऱ्यात साठत जातात आणि शाई संपली की कोणाच्या लक्षातही न येता केरात जातात. त्याच घरात दीपावलीला नव्या वहीशेजारी एक पेन आदराने ठेवले जाते आणि ज्ञानपंचमीला पुस्तकांबरोबर लेखणीलाही मान मिळतो. हे एक पेन तरी घरातल्या कोणी स्वतःच्या हाताने केलेले असावे असे मनात आले, तर ते नवशिक्यालाही साधण्यासारखे आहे. लेथवर पेन कातणे आपल्या देशाला नवे नाही. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइट या टणक रबरापासून घडवलेले स्वदेशी पेन वापरून गांधीजींनी १९३५ साली त्यांना पसंतीचे पत्र लिहिले होते. लाकडाचे काम त्याहून सोपे. आणि लाकूड तर बहुधा घरातच असते.

बाजारपेठेतील जुनी दुकाने रात्री फळ्या लावून बंद होत. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, म्हणजे सकाळी काढलेली फळी संध्याकाळी नेमकी आपल्या जागी बसे. पुढे लोखंडी शटर आले आणि या सागवानी फळ्या माळ्यावर गेल्या. दुकान नव्याने बांधायला काढले की त्या खाली येतात आणि जळाऊ लाकडाच्या भावाने निघून जातात. खिळ्यांनी, पावसाने आणि वाळवीने सोडलेला चांगला भाग कित्येकदा हातभरच निघतो. पेनाला मात्र तेवढा पुष्कळ झाला. साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि २० मिलिमीटर जाड असा चौरस तुकडा एका पेनाला पुरतो.

अशा लाकडाचा खरा गुण त्याच्या कोरडेपणात आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेनसंचात ७ मिलिमीटर व्यासाच्या दोन पितळी नळ्या असतात. लाकडाचे दोन भाग करून त्यांत आरपार भोके पाडायची, नळ्या चिकटवायच्या आणि मग वरचे लाकूड लेथवर गोल कातायचे, असा हा सारा उद्योग आहे. काम संपते तेव्हा टोकांशी पितळेवर मिलिमीटरपेक्षाही पातळ लाकूड उरलेले असते. लाकूड ओले असेल, तर ते पुढे आकसते. आतले पितळ आकसत नाही. आणि एके दिवशी पेनाला उभी चीर पडते. पन्नास-साठ वर्षे माळ्यावर वाळलेल्या सागवानाला हे भय फारच कमी.

तरीही पहिले पेन त्या फळीचे करू नये. पहिल्या तुकड्यांपैकी एखादा फुटतो, एखाद्याचे भोक वाकडे जाते, आणि घराण्याच्या आठवणीचा तुकडा ढलप्यांत जातो तेव्हा होणारी हळहळ शिकणाऱ्याला पुन्हा लेथजवळ येऊ देत नाही. शिवाय सागवान नवशिक्याला सोपेही नाही. त्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर बोथट होते. आणि ते तेलकट असल्यामुळे गोंद नीट धरत नाही. सुताराकडे पडलेल्या शिसवीच्या किंवा बाभळीच्या वाळलेल्या तुकड्यांची दोन-तीन पेने आधी करावीत. फळीला हात त्यानंतर. तोवर तिची तपासणी करून ठेवता येते. लोहचुंबक फिरवला की आत मोडून राहिलेला खिळा कळतो. बारीक छिद्रांतून पिठासारखी पूड गळत असेल, तर आत जीव आहे असे समजावे आणि ते लाकूड या कामाला घेऊच नये.

नवशिक्याचे सारे लक्ष लेथकडे असते. पेन बिघडते ते मात्र बहुधा लेथ सुरू होण्यापूर्वी. तुकडा मधोमध कापण्याआधी त्याच्या एका बाजूवर पेन्सिलीने लांब रेघ ओढावी. पुढे दोन्ही भाग जोडताना ती रेघ जुळली की लाकडाच्या रेषा एका भागातून दुसऱ्या भागात अखंड गेलेल्या दिसतात. प्रत्येक भाग नळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवावा. भोक पाडताना तुकडा शिकंज्यात सरळ उभा आवळावा, आणि ड्रिल थोडे आत गेले की बाहेर काढून भुसा झाडावा, पुन्हा आत न्यावे. घाई केली की भुसा अडकतो, ड्रिल तापते आणि लाकूड आतून तडकते. ती तड त्या वेळी दिसत नाही, तास-दोन तासांच्या मेहनतीनंतर कातताना दिसते. ड्रिल पलीकडे बाहेर पडते तिथे लाकूड फुटते, म्हणून खाली एखादा टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट लावलेला बरा.

नळीचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करावा, सागवानाचे भोक ॲसिटोनने पुसून घ्यावे आणि मगच चिकटवावे. झटपट चिकटणारा गोंद नवशिक्याने टाळावा. नळी अर्धी आत गेली असता तो धरला, तर ती ना पुढे जाते ना मागे येते. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी थोडी सवड देतो. नळी गोल फिरवत आत सारावी, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. नळीच्या पोकळीत गोंद शिरू नये म्हणून परदेशी हौशी कारागीर तिचे तोंड कच्च्या बटाट्याच्या कापावर दाबून बंद करतात. ज्या घरात बटाटा येतच नाही तिथे मुलांच्या खेळातली चिकणमाती तेच काम करते.

दुसऱ्या दिवशी, गोंद पुरता वाळल्यावर, दोन्ही टोके नळीला काटकोनात सपाट करावी लागतात. यासाठी संचाबरोबर घेता येणारे छोटे कातर असते. त्याने लाकूड झिजवत जावे आणि पितळेची कड चकाकली की तिथेच थांबावे. हे टोक किंचित तिरके राहिले, तर तयार पेनात लाकूड आणि धातूची कडी यांच्यामध्ये फट दिसते. पुढे कितीही पॉलिश केले तरी ती फट झाकत नाही.

आता लेथ. कातारी ज्या यंत्रावर लाटणी आणि पाळण्याचे दांडे कातत आला, त्याचीच ही लहान आवृत्ती. दोन्ही तुकडे मॅन्ड्रेल नावाच्या बारीक पोलादी सळईवर ओवतात आणि त्यांच्या टोकांना बुशिंग म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी कड्या बसवतात. शेवटचे नट हाताने बसेल तितकेच आवळावे. पान्याने आवळले की सळई नकळत वाकते आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. लेथ सुरू करण्यापूर्वी तुकडा एकदा हाताने फिरवून पटाशीच्या आधाराला कुठे अडत नाही ना, हे पाहावे. ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फिरत्या यंत्राजवळ नसावे. हातमोजे तर मुळीच नकोत, कारण यंत्राने मोज्याचे टोक पकडले की त्यामागोमाग बोट जाते. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी आणि सागवानाची बारीक धूळ घशाला झोंबते म्हणून मास्कही हवा.

चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत मिनिटाला साधारण १५०० फेरे पुरतात. नंतर २५०० ते ३००० पर्यंत जाता येते. गोल पटाशी आधाराच्या दांडीवर टेकवून तिची उतरती बाजू प्रथम लाकडावर नुसती घासू द्यावी, मग मूठ हळूहळू वर उचलावी. एका क्षणी धार लाकडात उतरते आणि नाजूक छिलका वेटोळे घेत बाहेर पडतो. पटाशी आत खुपसली, तर लाकूड तिला हिसका देते आणि त्या हिसक्यात तुकड्याची खपली उडते. छिलक्याऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे जाणावे आणि जोर वाढवण्याऐवजी पटाशी सहाणेवर न्यावी. सुरुवातीला खटखट असा आवाज येतो तो कोपऱ्यांचा. तो निवळून एकसुरी झाला की तुकडा गोल झाला. पाहणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याला हे कळते, आणि या क्षणासाठी तरी हा सारा खटाटोप करावा.

लाकूड बुशिंगच्या किंचित वर असतानाच पटाशी ठेवून द्यावी. उरलेले काम पॉलिश पेपरचे. १५० क्रमांकापासून २४०, ३२०, ४००, ६०० असे चढत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर लेथ थांबवून रेषांच्या दिशेने लांबवर हात फिरवावा, नाहीतर गोल ओरखडे तसेच राहतात. इथेही उतावीळपणा नको. कागदानेही लाकूड खाली जाते, आणि गेलेले परत येत नाही.

शेवटच्या चकाकीपाशी श्रावकाने जरा थांबून विचार करावा असे काही आहे. फिरत्या लाकडावर घासून चढवण्याचे जे पॉलिश पेनासाठी सर्रास सुचवले जाते, त्यात चपडा लाख असते. चन्नपट्टणची खेळणी आणि संखेड्याचे फर्निचर ज्या लाखेने झळकते तीच ही. लाख हा लाखेच्या किड्यांचा स्राव. फांद्यांवरून ती खरवडताना असंख्य किडे मरतात. उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत दंतवाणिज्याबरोबर लाक्षावाणिज्यही आहे. घरच्या एका पेनाला व्यापार म्हणता येणार नाही हे खरे. पण वहीशेजारी ठेवायच्या लेखणीला तो लेप नको वाटणे स्वाभाविक आहे. तीच गोष्ट मधमाश्यांच्या मेणाची, शिंगाच्या किंवा हाडाच्या तयार तुकड्यांची आणि कातडी-हाडे उकळून केलेल्या जुन्या सरसाची. पर्याय सोपे आहेत. उकळलेले जवसाचे तेल लाकडाचा रंग खुलवते, आणि ब्राझीलमधल्या एका ताडवृक्षाच्या पानांवरचे कार्नोबा मेण त्यावर टणक चमक देते. झटपट गोंदाचे पातळ थर देऊनही काचेसारखी चकाकी आणतात, परंतु त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. आणि तो सुती कापडावर ओतला तर कापड तापून धूर येऊ शकतो, म्हणून त्याला कागदच वापरावा. जवसाच्या तेलाचे बोळेही गोळा करून टाकू नयेत. ते आपोआप तापतात आणि पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवावेत.

जोडणी शिकंज्याच्या सपाट जबड्यांत दाबून होते. त्यातले फिरवून टोक बाहेर काढण्याचे यंत्र थोडे थोडे दाबावे, दर वेळी रिफिल घालून टोक किती बाहेर येते ते पाहावे. जास्त आत गेलेले यंत्र सहजी मागे येत नाही.

जवसाच्या तेलाचा प्रत्येक हात वाळायला एक-दोन दिवस लागतात आणि तीन-चार हात तरी द्यावे लागतात. दीपावलीच्या वहीपूजनात फळीचे पेन ठेवायचे असेल, तर सरावाची पेने पर्युषणापूर्वी आणि फळीची भोके नवरात्रापर्यंत पाडून झालेली असावीत.