पहिले चार नंबर पुरेत का?

विज्ञान-प्रदर्शनाच्या गटात वर्गातले पहिले चार नंबरच घ्यायचे, ही प्रथा मला पटत नाही. चौघांनीही एकच पुस्तक घोकलेले असते. आणि पुस्तकही चुकते!

१९५३ साली केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्राचा वॉटसन आणि भौतिकीचा क्रिक डीएनएची रचना शोधत होते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा आधार होताच. पण डीएनएमधील चार घटकांच्या जोड्या काही जुळेनात. त्यांच्याच खोलीत बसणाऱ्या डोनह्यू या रसायनज्ञाने चूक दाखवली: पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत हायड्रोजनचे अणू भलत्याच जागी होते! ते सरकवल्यावर ॲडेनीन-थायमीन, ग्वानीन-सायटोसीन या जोड्या चपखल बसल्या. वॉटसन-क्रिक दोघेच असते, तर?

गुरुजनहो, सायकल खोलून पुन्हा जोडणारी तुमच्या वर्गातली ती मुलगी यंदा गटात घ्याल?