राजीनामा देणारा बिशप

२५ जून १८५९ रोजी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला बिशप मेल्शियोर द मारियों ब्रेझियाक पीतज्वराने गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून त्यांना जेमतेम सहा आठवडे झाले होते. बरोबरचे बहुतेक सहकारीही त्याच साथीत दगावले. ब्रेझियाक यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला स्थापन केलेली आफ्रिकी मिशनची संस्था मात्र टिकली. साहजिकच त्यांची ओळख हौतात्म्याच्या सुरात करून दिली जाते. माझ्या मते त्यांचे खरे धाडस त्याआधीचे आहे, भारतातल्या कोइम्बतूरचे बिशपपद सोडण्याचे. आफ्रिकेतले काम त्या राजीनाम्यातूनच निघाले.

१८४२ मध्ये पाँडिचेरीला आलेल्या या धर्मगुरूंची धारणा स्पष्ट होती: स्थानिक धर्मगुरू घडवायचे आणि चर्च त्यांच्या हाती सोपवायचे. १८४५ मध्ये खुद्द रोमनेही तसे फर्मावले. पण अनेक युरोपीय मिशनऱ्यांना भारतीय धर्मगुरू हाताखालचा मदतनीस म्हणूनच चाले. (गोव्यातल्या दिवाडीचे मातेउश द कास्त्रु यांना रोमने १६३७ मध्ये बिशप केले, तेव्हा पोर्तुगीजांनीही असाच अडसर घातला होता, दोनशे वर्षांत फार काही हलले नव्हते.) त्यात जातीचा पेच. १७४४ च्या पोपच्या आदेशानुसार मिशनऱ्यांना तथाकथित मलबार विधींविरुद्ध, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरही पाळल्या जाणाऱ्या हिंदू रूढींविरुद्ध शपथ घ्यावी लागे, आणि व्यवहारात मात्र चर्चच्या आतही जात पाळली जाई. शपथ एक आणि वागणे दुसरे, हे ब्रेझियाक यांच्या मनाला सोसेना. या पेचावर रोमकडून निःसंदिग्ध उत्तर येईना. १८५५ मध्ये त्यांचा राजीनामा मंजूर झाला.

हा पळपुटेपणा होता, असे कुणी म्हणेल. पण पळणारा माणूस याहून अवघड जागा मागत नाही; त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्यात जायचे होते, धोका पाहून रोमनेच ब्रिटिश अमलाखालचे सिएरा लिओन नेमून दिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जातीविरुद्ध ते ठाम उभे कुठे राहिले? नाहीच राहिले. त्यांची तगमग स्वतःच्या शपथेपुरती होती, खालच्या मानलेल्या जातींच्या हक्काची नव्हे; त्यांना जातिअंताचे पुढारी ठरवणे खोटे होईल. वसाहतवादाची सावलीही नाकारता येत नाही. तरीही वसाहतीच्या त्या काळात परदेशी मिशनरीने स्वतःची गरज संपवावी, असे मानणारा बिशप दुर्मीळच. आफ्रिकींना ब्रेझियाक यांच्या संस्थेत बरोबरीचे सदस्यत्व मिळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ब्रेझियाक यांच्या सद्गुणांवर शिक्कामोर्तब केले, ही संतपदाच्या वाटेवरची पायरी. पण आफ्रिकींना बरोबरी द्यायला झालेल्या उशिराचा जाब त्यांच्या अनुयायांना अजून द्यायचा आहे.