एका गाण्याचे गुन्हेगार

‘एकाच गाण्यापुरता दम होता’ हे वाक्य मला यापुढे कुणी ऐकवू नये. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या अमेरिकी रॉक आणि पॉपबद्दल बोलताना ते हटकून येतं. ‘वन हिट वंडर’ असा शिक्का मारायचा, वीस-पंचवीस गाणी एका सीडीत कोंबायची, वर गुलाबी अक्षरांत ‘सुवर्णकाळ’ लिहायचं आणि आतल्या पुस्तिकेत गळा काढायचा की बिचाऱ्यांचं नशीब एकदाच फळफळलं. आपल्याकडचे इंग्रजी गाण्यांचे दर्दी आणि क्विझवालेही तेच घोकतात. गटाचं नाव सांगा, साल सांगा, गुण घ्या, पुढचा प्रश्न. त्या गटाने दुसरं गाणं का केलं नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे: जमलं नाही.

जमलं नाही? जमू दिलं नाही. आणि ज्यांनी जमू दिलं नाही, त्यांतल्या कित्येकांची नावं लपलेलीही नाहीत. ४५ आरपीएमच्या तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद असतो, त्यावर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत, कंसात, ती छापलेली आहेत.

हा कंस काय चीज आहे, ते आधी नीट समजून घ्या. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशनाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला. ज्याने गळा फाडून गायलं त्याला रेडिओ काहीही देत नाही. ज्यूकबॉक्स तर १९७८पर्यंत कुणालाच काही देणं लागत नव्हता. म्हणजे गाण्याची विक्री थांबल्यावरही पिढ्यानपिढ्या येत राहणारं उत्पन्न त्या कंसात साठवलेलं. कंपनीच्या मालकांना हे पाठ होतं. समोर बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

रोझी हॅम्लिनने ‘एंजल बेबी’ लिहिलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे, विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये तिने आणि तिच्या मित्रांनी ते रेकॉर्ड केलं. सॅक्सोफोनवाला पोरगा त्या दिवशी आलाच नाही, म्हणून बास वाजवणाऱ्याने ते वाद्य हातात घेतलं. कसं वाजवलंय ते ऐकलंत तर हसू येईल, आणि तरी ते काढून टाकावंसं वाटणार नाही. गाणं देशाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. जॉन लेननने पुढे ते स्वतः गायलं. आणि कंसात नाव कुणाचं? गटातल्या वयाने सगळ्यात मोठ्या मुलाचं. रोझीचा मालकी हक्क कागदावर आला, पण पैशांची भांडणं दशकानुदशकं चालली. स्वतःच्या पहिल्याच गाण्यासाठी पंधराव्या वर्षी वकिलाच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलीने लगेच दुसरं हिट गाणं का दिलं नाही, असं विचारणाऱ्याला काय म्हणावं?

फिल फिलिप्स लुइझियानातल्या लेक चार्ल्स गावात हॉटेलात बेलबॉय होता. एका मुलीसाठी त्याने ‘सी ऑफ लव्ह’ रचलं. १९५९ मध्ये ते पॉपच्या यादीत दुसरं आलं, रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं. कंसात त्याच्या शेजारी निर्माता जॉर्ज खूरी येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा. फिलिप्सच्या सांगण्यानुसार त्याला या गाण्यापोटी जन्मात मिळाले ६,८०० डॉलर. १९८४ मध्ये रॉबर्ट प्लँटच्या हनीड्रिपर्सनी ते गाऊन पुन्हा गाजवलं, १९८९ मध्ये अल पचिनोचा अख्खा सिनेमा त्याच नावाने निघाला. फिलिप्स तोवर ‘वन हिट वंडर’च्या यादीत कायमचा जाऊन बसला होता.

फ्रँकी लायमन तसा या यादीतला नव्हे, त्याची एकाहून जास्त गाणी चालली. पण कंसाचा नमुना म्हणून ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ बघाच. तेरा वर्षांचा लायमन आणि त्याचे सोबती गाणं करतात, कंसात लायमनबरोबर निर्माता जॉर्ज गोल्डनरचं नाव चढतं, आणि पुढे गोल्डनरच्या जागी कंपनीमालक मॉरिस लेव्ही अवतरतो, ज्याचा त्या गाण्याच्या एका सुराशीही संबंध नव्हता. लायमन १९६८ मध्ये पंचविसाव्या वर्षी हेरॉइनने मेला. १९९२ मध्ये ज्यूरीने ठरवलं की गाणं गटातल्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंटचंही आहे. १९९६ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं, असेल, पण दावा करायला तुम्हाला उशीर झाला.

आता पेंग्विन्स. लॉस एंजेलिसची चार कृष्णवर्णीय तरुण पोरं. १९५४ मध्ये त्यांनी ‘अर्थ एंजल’ रेकॉर्ड केलं, तेही कुणाच्या तरी घरामागच्या गॅरेजमध्ये. शेजारचा कुत्रा भुंकला की टेक वाया जायचा, असं डूटोन कंपनीचा मालक डूट्सी विल्यम्स पुढे सांगायचा. हे गाणं मुख्य बाजूचं नव्हतंच, भर ‘हे सिन्योरिता’वर होता. पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिला नंबर, पॉपमध्ये आठवा.

तेवढ्यात मर्क्युरी या बड्या कंपनीने आपल्या टोरंटोच्या गोऱ्या पोरांना, क्रू-कट्सना, तेच गाणं गायला लावलं. क्रू-कट्स तिसऱ्या नंबरवर. हे बेकायदा होतं का? अजिबात नाही. गीतकाराला तबकडीमागे कायद्याने ठरलेले दोन सेंट टाकले की कुणीही कुणाचंही गाणं उचलावं, आणि बांधणी, ठेका, नखरा हे सगळं फुकटात घेऊन जावं. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, लाव्हर्न बेकर या गायिकेने थेट काँग्रेसच्या सदस्याला पत्र लिहून तक्रार केली की तिचं ‘ट्वीडल डी’ जॉर्जिया गिब्जने जसंच्या तसं उचललं. गिब्जची कंपनी कोणती? मर्क्युरी. काँग्रेसने काय केलं? काही नाही.

इकडे पेंग्विन्स डूट्सीकडे उचल मागायला गेले. गाणं देशभर वाजतंय, खिशात दमडी नाही. डूट्सीने हात वर केले. (डूट्सी स्वतः कृष्णवर्णीय होता, तेव्हा सगळा हिशेब गोरा-काळा करून कुणी मोकळं होऊ नये.) मग पोरांनी बक रॅम नावाचा मॅनेजर धरला आणि रॅमने त्यांना नेलं कुठे, तर मर्क्युरीकडे! ज्या कंपनीने त्यांचं गाणं पळवलं, तिच्याच दारात. रॅमने अट घातली: पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा गटही घ्या. त्या दुसऱ्या गटाचं तोवर काहीच चाललं नव्हतं. नाव, प्लॅटर्स. ‘ओन्ली यू’ आलं, प्लॅटर्स जगभर पोचले, रॅमचं कल्याण झालं आणि ज्यांच्या जिवावर दार उघडलं ते पेंग्विन्स मर्क्युरीच्या फडताळात पडून राहिले. गाणं नेमकं कुणाचं यावरून खटला झाला तो वेगळाच. त्यात जेसी बेल्विन आणि गेनेल हॉज यांची नावं मान्य झाली. मुख्य गायक क्लीव्ह डंकनचा त्या कंसाशी संबंधच नव्हता. आता सांगा, इथे दम नेमका कुणाचा कमी पडला?

ब्रॉन्क्सच्या कॉर्ड्सची कथा याच वळणाची. ‘श-बूम’ त्यांचं, १९५४चं, पहिला नंबर मात्र पुन्हा क्रू-कट्सचा. वर त्याच नावाचा दुसरा गट निघाला म्हणून यांना नाव बदलावं लागलं. हिट गाणं हाती आणि त्यावरचं नाव वापरायची बंदी.

मालकांची बाजूही मला ठाऊक आहे, ती नेहमी ऐकवली जाते. छोट्या कंपनीला हिट गाणंच बुडवायचं, हे खरं आहे. तबकड्या दाबून देणारा कारखाना रोख मागायचा, वितरक महिनोन् महिने पैसे द्यायचे नाहीत आणि न खपलेला माल परत पाठवायचे. पुढचं हिट हातात असेल तरच मागची वसुली व्हायची. मान्य. पण या कोंडीतून सुटायला प्रत्येक वेळी पोरांच्याच मानेवर पाय का? स्टुडिओचं भाडं, वादकांची मजुरी, सगळं गायकाच्या रॉयल्टीतून वळतं व्हायचं, आणि हिशेब दाखवणारा तोच, ज्याच्याकडे पैसे अडकलेले. वर घाई अशी की पुढचं गाणं पहिल्यासारखंच हवं, आत्ता हवं. गटाने सहा आठवड्यांत आपली नक्कल करायची, आणि नक्कल पडली की म्हणायचं, बघा, एकच गाणं होतं यांच्याकडे.

बरं, ही मोजपट्टी तरी धड आहे का? पॉप यादीतले पहिले चाळीस हा निकष धरला, तर कार्ल पर्किन्स ‘वन हिट वंडर’ ठरतो. ‘ब्लू स्वेड शूज’ त्याने लिहिलं, गायलं, दुसऱ्या नंबरवर नेलं. २२ मार्च १९५६ रोजी पेरी कोमोच्या टीव्ही कार्यक्रमासाठी न्यू यॉर्कला जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला, आणि ३ एप्रिलला एल्व्हिस ते गाणं टीव्हीवर गाऊन मोकळा झाला. पुढे बीटल्सनी पर्किन्सची तीन गाणी रेकॉर्ड केली. बो डिडली? पहिल्या चाळिसांत एकदाच, १९५९ मध्ये, ‘से मॅन’, विसावा नंबर. ज्याच्या ठेक्यावर बडी हॉलीपासून रोलिंग स्टोन्सपर्यंत सगळ्यांनी संसार केला, तो हा इसम. आणि जिमी हेंड्रिक्स? एकदाच, १९६८ मध्ये, तोही विसावाच, आणि तेही डिलनचं गाणं. हेंड्रिक्सला त्या सीडीत कोंबून दाखवा पाहू. नाही कोंबणार. त्याची पोस्टरं विकायची आहेत.

क्यू साकामोतोचं तर काय सांगावं. जपानमध्ये तो मोठा तारा. १९६३च्या जूनमध्ये त्याचं गाणं अमेरिकेत तीन आठवडे पहिलं होतं. मूळ नावाचा अर्थ वर बघत चालण्याशी निगडित, कारण अश्रू खाली पडू नयेत. पाश्चात्त्य कंपन्यांनी त्याला नाव दिलं ‘सुकियाकी’, जो मांसाच्या रश्शाचा एक प्रकार आहे. उद्या अरुण दातेंचं एखादं विरहगीत कुणी ‘पिठलं-भाकरी’ म्हणून परदेशात विकलं तर कसं वाटेल? गाण्याचं नाव वाचायचीही तसदी न घेणारे हे लोक वर साकामोतोला एका गाण्याचा गायक म्हणतात.

खरोखर एकाच गाण्याचे धनी होते का? होते. एलेगंट्सचं ‘लिटल स्टार’ ऑगस्ट १९५८ मध्ये नव्याकोऱ्या हॉट १००वर पहिलं आलं, आणि त्यानंतर हा गट त्या यादीत शंभराव्या जागीही दिसला नाही. मग? माझं काही म्हणणं नाही. असतील, गायले, घरी गेले. मला खुपतं ते त्यांची आणि पेंग्विन्सची मोट एकत्र बांधून दोघांवर तोच शिक्का मारणं.

मोटाउनला पहिलं मोठं यश मिळवून दिलं बॅरेट स्ट्राँगने, १९५९च्या ‘मनी’ने. गायक म्हणून त्याचं तेवढंच गाजलं, म्हणून तोही शिक्केवाल्यांच्या तावडीत, मग पुढे नॉर्मन व्हिटफील्डसोबत ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ का लिहीना. ‘मनी’च्या स्वामित्वहक्काच्या नोंदीत गीतकार म्हणून त्याचं नाव होतं. तीन वर्षांनी ते काढलं गेलं, १९८७ मध्ये परत घातलं, पुढच्या वर्षी पुन्हा खोडलं. त्याला हे कळेपर्यंत दशकं उलटली होती. कंपनीचा संस्थापक बेरी गॉर्डीच्या बाजूचं म्हणणं असं की नाव होतं हीच कारकुनी चूक. पैसा हवा म्हणून ओरडणारं गाणं, आणि त्यातच ही तऱ्हा.

आणि रेडिओ? अमेरिकेतली एएम-एफएम केंद्रं आजही गायकाला एक सेंट देत नाहीत. कायदा बदलायची गोष्ट निघाली की प्रसारकांची संघटना ठरलेलं उत्तर देते: आम्ही वाजवतो, ही तुमची फुकटची जाहिरातच आहे. क्लीव्ह डंकन २०१२ मध्ये गेला, रोझी २०१७ मध्ये, फिल फिलिप्स २०२० मध्ये. ‘सी ऑफ लव्ह’ अजून वाजतंच आहे. जाहिरात कसली करताय, आणि कुणाची?